पातं थांबेपर्यंत

संगप्पाचं लग्न मोडलं. होटगीच्या पाहुण्यांनी ते भर अंगणात, चहा व्हायच्या आधी, मोठ्या आवाजात मोडलं. पण तसं काही झालंच नाही असं दोन्ही घरांनी नंतर ठरवून टाकलं, आणि दोन घरांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं की तिसऱ्यानं त्यात पडू नये. तेव्हा लग्न मोडलेलं नाही. ते अजून ठरायचंच आहे, आणि त्याची आई अक्कम्मा स्टुलावर चढून भिंतीतला प्लग उपटते आहे.

प्लग घट्ट होता. तिनं एक पाय भिंतीला लावला आणि हिसका दिला. प्लग निघाला. तिनं वायर कोपरापासून पंजापर्यंत गुंडाळली, ते भेंडोळं कमरेला खोचलं आणि वरून पदर घट्ट आवळला.

“अव्वा, मशीन हाय ते. साप न्हाय,” संगप्पा म्हणाला. त्याच्या हातात सागवानी पट्टी होती. सकाळपासून तो ती कापायच्या बेतात होता.

“साप एकदा चावतो. हे रोज चावंल.”

“मी बनवलंय ते.”

“म्हणून तर.”

मशीन त्यानंच बनवलं होतं, हे खरं. भंगारातल्या मागाची मोटर घेऊन तिच्या दांड्यावर दातेरी चकती बसवली होती आणि ते सगळं एका लोखंडी हातावर चढवलं होतं. बटण मुठीतच होतं; मूठ धरून हात दाबला की फिरती चकती खाली यायची, सोडला की स्प्रिंगच्या जोरावर वर जायची. खालचा पाट डावी-उजवीकडे फिरायचा, आणि वरचं डोकं बाजूला कलायचंसुद्धा. एकाच कापात पट्टी दोन बाजूंनी तिरपी व्हायची. शहात्तर साली शुक्रवार पेठेत असं दुसरं मशीन नव्हतं. पहिलंही नसतं तर बरं झालं असतं, असं अक्कम्माचं मत होतं.

कारण सोमवारी शिवयोगी बोटं मोजायला येणार होता.

शिवयोगी होटगी जंक्शनवर पॉइंट्समन होता, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा. मुलगा सुतार आहे म्हटल्यावर तो मध्यस्थाला म्हणाला होता, “चालंल की. पण बोटं मोजून पोरगी दीन.” त्याच्या मेहुण्याची तीन बोटं वखारीतल्या करवतीत गेली होती. तेव्हापासून नवऱ्याच्या सदऱ्याची बटणं रोज त्याच्या बहिणीला लावावी लागत, आणि माहेरी आली की ती दुसरा विषय काढत नसे.

संगप्पानं ती मुलगी, महादेवी, गड्ड्याच्या जत्रेत एकदा पाहिली होती. पाळण्यातून उतरताना ती पाळणेवाल्याला विचारत होती, की हे थांबवायचं कसं. बाकी सगळे चक्कर येऊन खाली बसले होते. संगप्पानं तिथंच ठरवलं होतं.

“मामा, तू तरी सांग तिला,” तो आता म्हणाला.

धुळाप्पा, अक्कम्माचा धाकटा भाऊ, ओट्यावर बसून रंध्याचं पातं घासत होता. त्यानं उजवा हात वर केला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट नव्हतं. तीही वखारीतच राहिली होती.

“मी नमस्कार आठ बोटांचा करतो,” तो म्हणाला. “देवानं अजून नको म्हटलं न्हाय. पण देवाला पोरगी द्यायची न्हाय.”

“बघ,” अक्कम्मा म्हणाली. “अक्षता पडंपर्यंत तू ह्याला हात लावायचा न्हाय.”

“आन दुकानाची पट्टी कोण कापणार? आप्पा?”

तिघांनी माजघराकडं पाहिलं. संगप्पाचे वडील मडिवाळप्पा गिरणीत रात्रपाळीला होते. दिवसा ते झोपत. सगळी उमर मागांच्या खडखडाटात गेल्यामुळं त्यांची झोप आवाजानं मोडत नसे. शांतता पडली की मात्र ते दचकून उठत.

दुकानाचा प्रश्न खरा होता. नव्या पेठेत दसऱ्याला चादरींचं दुकान उघडणार होतं, आणि मालकाला छताच्या कडेनं नक्षीची पट्टी हवी होती. ती पट्टी भिंत आणि छत यांच्यामध्ये कलती बसते, त्यामुळं कोपऱ्यात दोन पट्ट्या जुळवायच्या तर काप दुहेरी तिरपा लागतो. संगप्पानं हातकरवतीनं दोन कोपरे करून दाखवले होते. मालकानं त्या फटीत बसचं तिकीट घातलं, ते आत गेलं, आणि परत आलं नाही. “फट राहिली तर पुण्याचा माणूस सांगतो,” तो म्हणाला होता. संगप्पाचं हे पहिलं मोठं काम होतं. ते पुण्याला गेलं की पाठोपाठ सगळी कामं पुण्याला जातील, हे त्याला दिसत होतं. होटगीला ही बातमी पोचायलाही वेळ लागला नसता.

“मामाला मूठ धरता येत न्हाय, मला तू धरू देत न्हाईस. मग राहिलं कोण?”

अक्कम्मानं कमरेचं भेंडोळं काढलं. मग ती पुन्हा स्टुलावर चढली आणि प्लग भिंतीत घातला.

“मी कापते,” ती म्हणाली. “माझं लगीन झालंय. माझी बोटं कोण मोजतंय?”

पहिल्या दिवशी तिनं मशीन टेबलावरून खाली उतरवायला लावलं. कापाकापी जमिनीवर बसूनच होते, असा तिचा अनुभव होता. पाय मुडपून ती समोर बसली, डाव्या हातानं मूठ धरून पातं खाली आणलं, ते तिथंच दाबून ठेवलं, आणि उजव्या हातानं पट्टी त्याच्यावर सरकवली. विळीवर दोडका सरकवतात तशीच.

पुढं काय झालं ते कुणी नीट पाहिलं नाही. मोठा आवाज झाला आणि पट्टी अंगणात नव्हती. थोड्या वेळानं भिंतीपलीकडून शेजारीण बजाबाई म्हणाली, “अक्कम्मा, तुमचं कायतरी माझ्या पापडात आलंय.”

संगप्पा पांढरा पडला होता. धुळाप्पानं आधी अक्काचे दोन्ही हात उलटसुलट पाहिले, मग आपला हात पाहिला, मग भिंतीवरचं बटण बंद केलं.

“ब्याडा, अव्वा, नगं. बास झालं,” संगप्पा म्हणाला. “पुण्याचा माणूस येऊ दे.”

अक्कम्मा उठली नाही. ती आपल्या उजव्या हाताकडं रागानं पाहत होती.

“ह्यानं केलं,” ती म्हणाली. “मी न्हाय.”

“अक्का,” धुळाप्पा म्हणाला, “विळीवर पातं बसतं आन भाजी चालती. हितं लाकूड बसतं आन पातं चालतं. तुझा हात चाळीस वर्षं भाजी ढकलतोय. त्याला लाकूड दिसलं की तो ढकलणारच.”

“मग त्याला ढकलायला कायतरी दुसरं देते.”

मशीन पुन्हा टेबलावर गेलं. उजव्या हातात मूठ आली. ढकलायचं ते आता खाली. डाव्या हातासाठी अक्कम्मानं पात्यापासून एक वीत मोजली आणि पाटावर खडूनं रेघ ओढली. रेघेच्या अलीकडं डावा हात, पलीकडं कुणाचंच काही नाही. तुकडा लहान असला तर तो हातानं धरायचाच नाही, शिकंज्यात आवळायचा. पट्टी मागच्या आडव्या फळीला अशी टेकवायची की मध्ये उजेड दिसता कामा नये.

बांगड्या काढायला तिनं साफ नकार दिला. नवरा आत झोपलेला असताना बांगड्या काढल्या तर तो उठून काय समजेल? तिनं त्या कोपराकडं सरकवल्या आणि वरून जुन्या धोतराची चिंधी बांधली. पदर कमरेला, अंबाडा घट्ट, आणि डोळ्यांवर धुळाप्पानं कुठूनसा आणलेला मोटारसायकलवाल्याचा गॉगल. चकतीवर झाकण नव्हतं. वनस्पती तुपाचा डबा कापून तेही झालं. डब्यावरचं झाड उलटं आलं, पण पात्याला त्याचं काही नव्हतं.

सराव भाजीवर झाला. संगप्पानं विरोध करून पाहिला. पात्याला गंज चढेल, असं त्याचं म्हणणं होतं. अक्कम्मा रोज पातं पुसून त्याला शेंगदाण्याच्या तेलाचं बोट लावायची, मोटर बंद आणि प्लग काढलेला असताना. आधी दुधी, मग दोडका, मग काकडी. काकडीचा पहिला काप फाटला, कारण तिनं पातं खाली आणल्यावर बटण दाबलं होतं. दुसऱ्या वेळी तिनं आधी पात्याला पूर्ण वेग घेऊ दिला, मग सावकाश खाली आणलं, जसं डोक्यावरचं भांडं उतरवतात तसं. काप आरशासारखा आला. त्या आठवड्यात शुक्रवार पेठेच्या निम्म्या घरांनी पंचेचाळीस अंशांत कापलेली भाजी खाल्ली. बजाबाई म्हणाली, शिजायला थोडा वेळ लागतो, पण ताटात शोभून दिसते.

सागवान काकडीसारखं नव्हतं. पातं बाहेर पडताना कडेला ढलप्या उडत. अक्कम्मानं कापाच्या जागेवर डिंकानं कागदाची पट्टी चिकटवली आणि त्या कागदावर रेघ आखली. पातं कागदासकट गेलं. कड उसवली नाही.

“हे कुटं शिकलीस?” संगप्पानं विचारलं. त्याच्या आवाजात कौतुक होतं, पण ते त्यानं नाराजीनं गुंडाळून दिलं.

“पापड फाटायला लागला की कागदावर लाटत्यात.”

पट्टी मशीनवर ठेवायची ती उलटी, छताकडची कड खाली, हे मात्र संगप्पानं समजावलं. दोन पट्ट्या चुकीच्या कापून झाल्यावर अक्कम्मा म्हणाली, “म्हंजे ही शीर्षासनात कापायची,” आणि त्यानंतर चुकली नाही.

सगळ्यात अवघड नियम शेवटचा होता. काप संपला की बटण सोडायचं, पण हात उचलायचा नाही. पातं खाली तसंच धरून पूर्ण थांबू द्यायचं. मागाची मोटर लवकर थांबणारी नव्हती. ती रेंगाळायची, निघाल्यासारखी करून उंबऱ्यात गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखी. तेवढ्यात कुणी हाक मारली की अक्कम्माचा हात उचलला जायचा. बाईला हाक मारली आणि तिनं वर पाहिलं नाही, असं त्या घरात कधी झालं नव्हतं. एकदा बजाबाईनं भिंतीवरून पीठ मागितलं. अक्कम्मा वळली, पट्टी हलली, आणि फिरत्या दातांनी पट्टीचा तुकडा तिच्या कानाजवळून भिरकावला.

तिनं पातं थांबू दिलं. गॉगल काढून पुसला. मग सगळ्यांना बोलावलं. बजाबाई भिंतीवरूनच हजर राहिली.

“आजपास्नं,” अक्कम्मा म्हणाली, “पातं फिरतंय तवर मी बहिरी. कुणी काय बोललं तर ते बोललंच न्हाय. घर पेटलं तरी पातं थांबल्यावर सांगायचं.”

“आन पेटलेलं घर?” धुळाप्पानं विचारलं.

“ते वाट बघंल.”

सोमवारी पाहुणे दुपारच्या गाडीनं येणार होते. म्हणून ते सकाळच्या गाडीनं आले. रेल्वेचा माणूस गाडीच्या वेळेवर विश्वास ठेवत नाही, असं शिवयोगीनं दारात सांगितलं. बरोबर महादेवी होती. मुलीनं मुलाच्या घरी यायची रीत नव्हती, पण बटणं लावणारी आत्या पुढच्याच बोळात राहायची आणि तिच्याकडं न्यायची पिशवी जड होती. म्हणून मुलगी आलेली नाही, पिशवी आली आहे, असं सगळ्यांनी धरलं.

शिवयोगीनं पाणी घ्यायच्या आधी संगप्पाचे हात मागितले. मालगाडीचे डबे मोजावेत तसं त्यानं एका टोकाकडून मोजलं, मग दुसऱ्या टोकाकडून.

“दहा,” तो म्हणाला, आणि थोडा निराश झाल्यासारखा दिसला. “सुतारच हायस न्हवं?”

“हाय की.”

“मग काम कोण करतंय?”

उत्तर मागच्या अंगणातून आलं. मोटर सुरू झाली होती. अक्कम्माची शेवटची पट्टी राहिली होती, दुकानाच्या दाराजवळच्या कोपऱ्याची, आणि दुपारच्या गाडीच्या हिशोबानं ती अजून गॉगल लावून उभी होती.

शिवयोगी दारात थबकला. होणारी विहीण कासोटा मारून, हाताला चिंध्या बांधून, तुपाच्या डब्याखाली फिरणारी चकती सागवानात उतरवत होती. भुशाचा फवारा तिच्या अंबाड्यावर पडत होता. त्यानं संगप्पाची गुळगुळीत बोटं आठवली, मग मागं वळून आपल्या मुलीचे हात पाहिले. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

“सासू मशीनवर हाय,” तो म्हणाला. “म्हंजे उद्या सून मशीनवर. मी पोराची बोटं मोजत बसलो, आन हितं पोरीची मोजायची येळ येणार!” आणि मग मोटरच्या वर आवाज चढवून, “न्हाय जमायचं! सोयरीक मोडली! ऐकलं का हो? मोडली!”

संगप्पानं खांब धरला. धुळाप्पानं आठ बोटं जोडली. बजाबाईचं डोकं भिंतीवर आलं.

अक्कम्मानं वर पाहिलं नाही.

पातं रेघेवरून सावकाश जात होतं. कापलेला तुकडा सुटला. तिनं बटण सोडलं. हात तसाच खाली, मूठ धरलेली. चकती रेंगाळू लागली. शिवयोगीनं आणखी एकदा “मोडली” म्हटलं, पण आता त्याचे डोळे तिच्या डाव्या हातावर होते. तो हात खडूच्या रेघेच्या अलीकडं ठेवलेला होता, आणि इतक्या मोठ्या आवाजात लग्न मोडूनही त्याचं एक बोट हललं नव्हतं. शिवयोगीची स्वतःची मूठ नकळत आवळली गेली, सांध्याचा दांडा धरल्यासारखी. गाडी सांध्यावरून पूर्ण जाईपर्यंत दांडा सोडायचा नसतो. साहेब ओरडला तरी नाही.

चकतीचे दात दिसू लागले. मग एकेक मोजता येतील इतके. मग ती थांबली.

अंगणात शांतता पडली, आणि माजघरात मडिवाळप्पा दचकून जागे झाले. धोतर सावरत ते दारात आले, उजेडाला डोळे मिचकावत.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

अक्कम्मानं मूठ वर केली, गॉगल कपाळावर सरकवला, आणि पाहुण्यांकडं पहिल्यांदाच पाहिलं.

“कवा आलासा? काय म्हणत हुता का अण्णा तुमी?”

शिवयोगीचे डोळे अजून थांबलेल्या चकतीवर होते.

“अण्णा,” मागून महादेवी म्हणाली, “पातं थांबलंय. आता बोला.”

शिवयोगीनं मुलीकडं पाहिलं. मग संगप्पाकडं, ज्यानं खांब अजून सोडला नव्हता. मग पाटावरच्या रेघेकडं.

“रेघ कशाची ती?” त्यानं विचारलं.

“डाव्या हाताची हद्द.”

“आन कुणी हाक मारली तर?”

“पातं थांबंपर्यंत मी बहिरी.”

शिवयोगीनं मान हलवली. एकदा, आणि थोड्या वेळानं पुन्हा.

“काय झालं काय?” मडिवाळप्पांनी परत विचारलं.

“काय न्हाय,” शिवयोगी म्हणाला. “मी पाणी मागत हुतो.”

पाणी आलं. ते पिऊन होईपर्यंत महादेवी मशीनजवळ गेली होती. तिनं नवा काप उन्हाकडं धरला, त्याच्या कडेवरून नख फिरवलं, कागद सोलून पाहिला. संगप्पा तिला काही सांगायला पुढं झाला, पण तिनं अक्कम्माला विचारलं.

“ही रेघ तुमच्या वितीची हाय न्हवं?”

“व्हय.”

“माझी वीत ल्हान हाय.”

अक्कम्मानं तिच्याकडं नीट पाहिलं. मग तिचा हात घेतला, पाटावर पसरला, अंगठा ते करंगळी मोजलं, आणि लहान वितीनं रेघ पात्याच्या फार जवळ येईल म्हणून चार बोटं वाढवून दुसरी रेघ ओढली. शिवयोगीनं ती ओढताना पाहिलं आणि पेला खाली ठेवला. मग बैठकीत जाऊन त्यानं तिथीची गोष्ट काढली.

दसऱ्याला दुकान उघडलं. मालकानं दाराजवळच्या कोपऱ्यात बसचं तिकीट घालून पाहिलं. ते आत जाईना. त्यानं उलटं करून पाहिलं. मग ते खिशात ठेवून त्यानं पाहुण्यांना पेढे वाटले. त्या पट्ट्यांकडं त्यानंतर कुणी पाहिलं नाही. चादरी घ्यायला आलेला माणूस छताकडं कशाला पाहील? पुण्याचा माणूस मात्र आला नाही, आणि मंगळवार पेठेतून दोन दुकानांची कामं आली.

मार्गशीर्षात लग्न लागलं. आत्यानं नवऱ्यामुलाची बोटं पुन्हा मोजून घेतली, कारण मध्ये दिवाळी होऊन गेली होती.

सोळाव्या दिवशी संगप्पा आंघोळ करून, गंध लावून मशीनकडं गेला. महादेवी चिंधी बांधून उभी होती, आणि अक्कम्मा तिला पात्याला वेग घेऊ द्यायला सांगत होती.

“अव्वा, अक्षता पडल्या की.”

“व्हय. छान पडल्या.”

“मग आता मी...”

“तुमी मापं घ्या की,” महादेवी म्हणाली, आणि गॉगल खाली ओढला.

संगप्पानं मापं घेतली. आठवडाभर घेतली. मापं अचूक होती, काप अचूक होते, आणि त्याचे हात इतके मऊ झाले की धुळाप्पा त्यांना वकिलाचे हात म्हणायला लागला. अखेर एका रविवारी त्यानं फुलस्केप कागद आणला, समास सोडला, आणि पुढील मजकूर लिहून सासू-सुनेसमोर रीतसर सादर केला:

‘मा. सौ. अक्कम्मा मडिवाळप्पा व मा. सौ. महादेवी संगप्पा, यांचे सेवेशी. अर्जदार संगप्पा मडिवाळप्पा, राहणार आपल्याच पत्त्यावर, अर्ज सादर करतो की, सदर यंत्र अर्जदाराने स्वतः बनविलेले असून त्यावर एकही काप करण्याचा योग अर्जदारास अद्याप आलेला नाही. अर्जदाराची बोटे दहा असून ती संबंधितांस वेळोवेळी दाखवून झालेली आहेत, व यापुढे ती दाखविण्याचे प्रयोजन उरलेले नाही. तरी आपण उभयतां एकाच दिवशी परगावी गेल्यास, अथवा एकाच वेळी आजारी पडल्यास, सदर यंत्रावर बदली कामगार म्हणून अर्जदाराचे नाव लावून घेण्यात यावे, व तसा लेखी हुकूम व्हावा, ही नम्र विनंती.’